वेब ॲप्लिकेशनच्या जागा, लिनक्समधील

वर्डप्रेस, पीएचपीमायॲडमिन यांसारखी वेब ॲप्लिकेशने लिनक्स सर्व्हरवर कोणत्या डिरेक्टरीत बसवावीत, याविषयीचे संकेत. लिनक्समधील फाइलींच्या मांडणीसाठी ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ (एफएचएस) हे मानक आहे. त्याची पूर्वज आवृत्ती १९९४ साली निघाली. तरीही या एका बाबतीत लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांमध्ये (डिस्ट्रोंमध्ये) आजवर एकवाक्यता झालेली नाही.

अडचणीचे मूळ वेब ॲप्लिकेशनच्या घडणीत आहे. वर्डप्रेसची झिप फाइल उघडली की प्रोग्रॅमचा कोड, डेटाबेसचा पासवर्ड ज्यात लिहायचा ती सेटिंगची फाइल आणि वापरकर्त्यांनी चढवलेली छायाचित्रे जिथे साठतात ती जागा, हे सारे एकाच फोल्डरखाली येते. भाड्याच्या होस्टिंगवर एफटीपीने फाइली चढवणाऱ्याला ते सोयीचे पडते. लिनक्सची शिस्त मात्र या तिन्हींना वेगळे ठेवते: न बदलणारा कोड ‘/यूएसआर’मध्ये, सेटिंग ‘/ईटीसी’मध्ये, बदलती माहिती ‘/व्हार’मध्ये. ही शिस्त केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. कोडच्या डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा वेब सर्व्हरला असेल, तर एखाद्या त्रुटीतून शिरलेला हल्लेखोर तिथे स्वतःची पीएचपी फाइल ठेवून ती चालवू शकतो. म्हणून कोडची मालकी रूटकडे आणि सर्व्हरला फक्त वाचण्याचा हक्क, हीच मांडणी योग्य.

डेबियन या डिस्ट्रोने ही फोड कसोशीने केली. तिथे वर्डप्रेसचा कोड ‘/यूएसआर/शेअर/वर्डप्रेस’मध्ये जातो, आणि ‘/ईटीसी/वर्डप्रेस’मध्ये प्रत्येक होस्टनावासाठी वेगळी सेटिंगची फाइल ठेवता येते, त्यामुळे एकाच कोडवर अनेक साइटी चालतात. फेडोराचे नियमही पॅकेजमधील कोड ‘/यूएसआर/शेअर’खालीच ठेवायला सांगतात.

ॲडमिनने स्वतः ठेवायच्या साइटींची जागा हा वेगळा प्रश्न. ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ सर्वांच्या परिचयाची असली, तरी एफएचएसमध्ये ती नाही. २००४ च्या २.३ आवृत्तीने सेवांच्या माहितीसाठी ‘/एसआरव्ही’ ही डिरेक्टरी आणली. पण तिच्या आतली रचना ठरवली नाही; उलट कोणत्याही प्रोग्रॅमने विशिष्ट रचना गृहीत धरू नये, असे बजावले. ॲडमिनचे स्वातंत्र्य यामुळे राखले गेले, मात्र पॅकेज बनवणाऱ्याला ठाम पत्ता मिळाला नाही. परिणामी सुसे ‘/एसआरव्ही/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीडॉक्स’ वापरते, आर्च ‘/एसआरव्ही/एचटीटीपी’, तर रेड हॅट ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’. डेबियननेही आठव्या आवृत्तीपासून हीच शेवटची जागा मूळ ठरवली.

सर्वांत विचारपूर्वक उत्तर जेन्टूचे म्हणावे लागेल. २००३ साली तिथे ‘ग्लेप ११’ हा प्रस्ताव मांडला गेला आणि ‘वेबॲप-कॉन्फिग’ हे साधन त्या प्रयत्नातून आकाराला आले. पॅकेजची मूळ प्रत ‘/यूएसआर/शेअर/वेबॲप्स’मध्ये आवृत्तीच्या नावाने राहते, तिथून हे साधन प्रत्येक साइटच्या डिरेक्टरीत फाइली शक्यतो हार्ड लिंकने बसवते. ॲडमिनने बदललेल्या सेटिंगवर ते परस्पर लिहीत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी नांदू शकत असल्याने एकेक साइट तपासून पुढे नेता येते. अनेक ग्राहकांच्या साइटी एका यंत्रावर सांभाळणाऱ्याला याचे मोल लगेच कळते.

जागा बदलणे नेहमीच निर्धोक नसते. रेड हॅट कुळातील सर्व्हरवर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा फाइलींना त्यांच्या मार्गानुसार लेबले देते. साइट नेहमीच्या जागेबाहेर ठेवली आणि लेबलाचा नियम नोंदवला नाही, तर परवानग्या बरोबर असूनही सर्व्हरला फाइल वाचता येत नाही. अशा वेळी एसईलिनक्सच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. ‘सेमॅनेज’ आदेशाने नव्या मार्गासाठी नियम नोंदवून ‘रिस्टोअरकॉन’ चालवणे, हा त्यावरचा खरा उपाय.

कंटेनरमुळे हा प्रश्न प्रत्येक कंटेनर-प्रतिमेच्या (इमेजच्या) आत गेला आहे. वर्डप्रेसची डॉकरवरील अधिकृत प्रतिमा मूळ प्रत ‘/यूएसआर/एसआरसी/वर्डप्रेस’मध्ये बाळगते आणि कंटेनर प्रथम सुरू होताना ती ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’मध्ये उतरवते. मूळ प्रत वेगळी राखण्याची कल्पना तिथे आहे. कोड आणि चढवलेली छायाचित्रे मात्र पुन्हा एकाच डिरेक्टरीखाली येतात.