एका गुणाची किंमत

मॅट्रिकला गणितात मी आपटलो. “एकाच गुणाने गेलो,” असं वडिलांना जरा ऐटीतच सांगितलं. ते म्हणाले, “एक गुण काय झाडाला लागतो?”

झाडाला नसेल, पण रग्बी लीगमध्ये तो लाथेला लागतो. चेंडू हातातून जमिनीवर सोडायचा, टप्पा घेऊन उठतोय तोच लाथ हाणून दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून धाडायचा. हा ड्रॉप गोल. पूर्वी याचे दोन गुण मिळत. १९७० साली सिडनीच्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीच्या एरिक सिम्सने असे चार मारले. संघाच्या २३ गुणांतले ८ या लाथांचे! त्याच सामन्यात त्यांचा कप्तान जॉन सॅटलर मोडक्या जबड्याने शेवटपर्यंत खेळला. लाथेवर गुण मिळत असतील तर जबडा मोडून घ्यायचा कोणी? पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ड्रॉप गोलचा भाव निम्म्यावर आला.

तरी त्या एकाची ऐट गेली नाही. आज ट्राय आणि त्यावरची किक मिळून सहा गुण होतात. म्हणजे सहाची आघाडी एका दमात फिटते. सातवा गुण पदरी असला की समोरच्याला दोनदा यावं लागतं. आमची ही महिनाअखेरीसाठी डाळीच्या डब्यात दहाची नोट दडवत असे, त्यातलाच प्रकार. २००३ पासून तर तिथल्या मोठ्या स्पर्धेत बरोबरी झाली की जादा वेळेत पहिला गुण घेईल तो जिंकतो. नावच ‘गोल्डन पॉइंट’!

आज वडील असते तर म्हटलं असतं, “बघा, एक गुण सोन्याचा असतो.”

ते म्हणाले असते, “मग मी दुसरं काय सांगत होतो?”