उन्हाळी रोपांचा बाजार : ऊन, अवकाळी आणि भाव यांच्यात नर्सरीचं गणित कसं फिरतं?

जानेवारी ते एप्रिल हा भाजीपाला रोपांच्या नर्सऱ्यांचा उन्हाळी हंगाम. टोमॅटो, मिरची, कलिंगड, खरबूज, काकडी, झेंडू ही रोपं याच दिवसांत उचलली जातात. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात तर आता घरी वाफ्यावर रोप टाकणारा शेतकरी शोधावा लागतो. बहुतेक जण नर्सरीत फोन करून ट्रे बुक करतात. मात्र एखाद्या वर्षी रोप मिळत नाही म्हणून नर्सरीच्या दारात गाड्या उभ्या राहतात, तर दुसऱ्या वर्षी तीच रोपं बांधावर फेकावी लागतात. असं का होतं, हे समजलं तर रोप घेणाऱ्याचेही पैसे वाचतात.

रोप थांबत नाही

कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन घरात ठेवता येतं. रोपाला ती सोय नाही. कलिंगड-खरबुजाचं रोप १२ ते १५ दिवसांत लावणीला येतं. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर २१ ते २५ दिवसांत, वांगी महिन्याभरात आणि मिरची ३५ ते ४० दिवसांत तयार होते. त्यानंतर ट्रेमधल्या एवढ्याशा कप्प्यात मुळी गोल फिरायला लागते, खालची पानं पिवळी पडतात, शेंडा लांबतो. मिरची त्यातल्या त्यात आठ-दहा दिवस दम धरते. कलिंगड चार-पाच दिवसही धरत नाही. वेलाला ताणे फुटून रोपं एकमेकांत अडकली की उचलतानाच निम्मी मोडतात.

१ लाख टोमॅटो रोपं म्हणजे १०४ कप्प्यांचे साधारण ९६२ ट्रे. एकरी पाच-सहा हजार रोपं धरली तर सोळा ते वीस एकरांचा माल. संकरित बियाणं, कोकोपीट, मजुरी, फवारणी हा सगळा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि पैसे येतात ते रोप गाडीत चढल्यावर. म्हणजे बी टाकताना नर्सरीवाला पंचवीस दिवसांनंतरच्या हवामानावर पैसे लावतो आणि शेतकरी तीन महिन्यांनंतरच्या भावावर. या दोन्ही गोष्टी त्या दिवशी कुणालाच दिसत नसतात.

थंडी, ऊन आणि विहिरीचं पाणी

जानेवारीत रात्रीची थंडी वाढली की कलिंगड, काकडी, मिरचीचं बी लवकर उगवत नाही. म्हणून ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात, आत ऊब धरली जाते. तरीही उगवण मागेपुढे होतेच. शेतकऱ्याने मल्चिंग अंथरलेलं असतं, ठिबक जोडलेलं असतं आणि नर्सरीतून फोन येतो, ‘अजून चार दिवस थांबा.’ इथूनच वादाला सुरुवात होते.

फेब्रुवारीअखेर चित्र उलटं होतं. उन्हाने रोप भराभर वाढतं, दिवसातून तीन-चार वेळा पाणी द्यावं लागतं, पांढरी माशी वाढते आणि तिच्यासोबत विषाणू येतो. २०२२ चा मार्च हा हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. अशा वर्षी रोप ठरल्या तारखेच्या आधी तयार होतं आणि शेतकऱ्याची तयारी मागे राहते.

मात्र उन्हाळी हंगामात उन्हापेक्षा मोठा प्रश्न विहिरीचा. जमीन आहे, भाव आहे, पण पाणी मे महिन्यापर्यंत पुरेल का? ज्या गावांना धरणाचं आवर्तन मिळतं तिथे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीकडे नर्सरीवाल्यांचंही लक्ष असतं. आवर्तनाची तारीख जाहीर झाली की बुकिंगचे फोन सुरू होतात आणि आवर्तन लांबलं की दोन एकर सांगितलेला माणूस एकरावर येतो.

अवकाळी आणि गारपीट हा वेगळाच प्रकार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातला शेतकरी विसरलेला नाही. मार्च २०२३ मध्ये पाडव्याच्या आधीच्या आठवड्यातही अनेक जिल्ह्यांत गारा पडल्या. गारांनी शेडनेट फाटते, रोपं झोडपली जातात, हे नुकसान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान म्हणजे पुढची बुकिंग. ज्याचं उभं पीक गेलं त्याच्यापैकी कुणी नांग्या भरायला थोडी रोपं नेतो, कुणी सगळं मोडून पुन्हा लावतो, पण बरेच जण हात आखडता घेतात. ढगाळ दिवसांत रोपं कोलमडतात ती आणखी वेगळी.

जूनच्या लावणीला हीच गत मोसमी पावसाची. २०२३ मध्ये पाऊस केरळातच ८ जूनला आला आणि मुंबईत पोहोचायला २५ जून उजाडला. उलट २०२५ मध्ये २५ मे रोजीच पाऊस कोकणात दाखल झाला आणि त्याआधी मेभर पूर्वमोसमी पावसाने झोडपलं. बऱ्याच भागांत वापसाच झाला नाही, मशागत राहिली. पाऊस लांबला तरी रोप अडकतं आणि लवकर आला तरी अडकतं.

मागचा भाव बघून पुढची लावणी

भावाचं बोलकं उदाहरण टोमॅटोचं. मे २०२३ मध्ये टोमॅटोला भाव नव्हता, शेतकऱ्यांनी क्रेट रस्त्यावर ओतले. पुढची लागवड घटली. जुलैमध्ये किरकोळ बाजारात किलोला शंभरच्या वर भाव गेला. नारायणगावच्या बाजारात २० किलोचा क्रेट दोन हजारांच्या पुढे विकला गेला. साहजिकच रोपांवर उड्या पडल्या. पण हिशेब बघा: आज बुकिंग केलं तर रोपाला २५ दिवस आणि लावणीपासून पहिल्या तोड्याला ६० ते ६५ दिवस, म्हणजे तीन महिने. जुलैची तेजी बघून बुक केलेला माल ऑक्टोबरात निघणार. सप्टेंबरातच भाव कोसळले होते.

कांद्याचा निर्णय तर सरकारच्या एका आदेशाने फिरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ऐन रब्बी लावणीच्या दिवसांत. कांद्याचं रोप ४५-५० दिवसांचं, तेव्हा वाफ्यात उभंच होतं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, उरलेलं शुल्क गेलं १ एप्रिल २०२५ ला. कांद्याचे पैसे झाले तर तोच शेतकरी उन्हाळी मिरची-कलिंगडाची रोपं रोख नेतो, नाही झाले तर उधारी मागतो.

३१ मार्चही नर्सरीवाल्यांना पाठ आहे. सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात गावात पैसा आटतो. रोप तयार असलं तरी ‘एप्रिलला नेतो’ असं उत्तर येतं. साखर कारखान्याचं ऊसबिल लांबलं तर हीच रड.

रमजान मागे सरकतो, रोपही मागे सरकावं लागतं

कलिंगड-खरबुजाला रमजानमध्ये हमखास गिऱ्हाईक असतं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२० मध्ये तो २५ एप्रिलला सुरू झाला आणि नेमका लॉकडाऊन लागलेला होता. २०२३ मध्ये २४ मार्च, २०२५ मध्ये २ मार्च, २०२६ मध्ये १९ फेब्रुवारी. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल, चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडे-तिकडे.

पूर्वी एप्रिलच्या रमजानसाठी फेब्रुवारीत लावणी व्हायची, ऊन वेलाला मानवायचं. आता फेब्रुवारीच्या सुरुवातीला फळ हवं तर थंडीत पंचाहत्तर-ऐंशी दिवस धरून लावणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करावी लागेल आणि नर्सरीत बी पडायला हवं दिवाळीच्या आसपास. त्या दिवसांत परतीच्या पावसाची ओल असते आणि पुढे वेल सगळा थंडीत वाढतो. फळ लहान राहतं, लागणही कमी. क्रॉप कव्हरचा खर्च वेगळा. त्यामुळे सरसकट रमजान धरण्यापेक्षा काही शेतकऱ्यांनी एप्रिल-मेच्या उन्हाळी गिऱ्हाइकासाठी माल ठेवला तर ते शहाणपणाचं ठरेल.

झेंडूचंही कॅलेंडर असंच. पाडव्याला फूल हवं तर जानेवारीत लावणी. एप्रिल-मेचं फूल लग्नसराईवर चालतं. पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून त्या महिन्यात निघणारं फूल धरून रोप घेताना दहा वेळा विचार करायला हवा.

बुकिंग मोडलं तर नुकसान कुणाचं?

दोन पद्धती चालतात. एकीत बियाण्याचं पाकीट शेतकरी स्वतः आणून देतो आणि नर्सरी फक्त रोप करून देण्याचे पैसे घेते. दुसरीत बी नर्सरीचंच, शेतकरी थोडी उचल देतो आणि बाकी रोप नेताना. पहिलीत बुकिंग मोडलं तर बियाण्याचा तोटा शेतकऱ्याचा. दुसरीत सगळं नर्सरीवाल्याच्या अंगावर. पंतप्रधान पीकविमा शेतातल्या अधिसूचित पिकांसाठी आहे, ट्रेमधल्या रोपांसाठी नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना शेडनेट आणि साहित्याच्या खर्चाला हातभार लावते, पण न उचललेल्या मालाचं काय, याचं उत्तर तिच्यात नाही.

खरी गोम अशी की हा तोटा नर्सरीवाला एकटा सोसत नाही. न उचललेली रोपं आठ-दहा दिवसांनी निम्म्या दरात निघतात आणि कुणीतरी स्वस्त म्हणून नेतो. मल्चिंग, ठिबक, बेसल डोस, मजुरी यांवर एकरी हजारो रुपये घातल्यावर रोपात हजार-दोन हजार वाचवणं म्हणजे नको तिथे काटकसर. जून झालेलं रोप लवकर फुलावर येतं आणि झाड वाढतच नाही. कप्प्यातून एक रोप उपटून बघावं: मुळी पांढरी आणि भरलेली हवी, तपकिरी व गुंडाळलेली नको.

बुकिंग करताना वाण, रोपांची संख्या, बी टाकल्याची तारीख, उचलण्याची तारीख आणि किती दिवस पुढे-मागे चालेल हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालतं. पक्कं बिल मागावं, त्यावर वाण आणि लॉट नंबर असावा. बियाण्याचं रिकामं पाकीटही तोडा संपेपर्यंत टाकू नये. फळं वेगळ्याच वाणाची निघाली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून पाहणी होते, पण तिथे पहिला प्रश्न बिलाचाच विचारला जातो. रोप नेताना गाडी सकाळी लवकर किंवा चारनंतर लावावी, वर नेट बांधावी आणि रिकामे ट्रे ठरल्या दिवसात परत करावेत, नाहीतर त्यांचे पैसे बिलात धरले जातात.