पूर्ण वर्तमानकाळ : इंग्रजीतील ‘हॅव्’ व मराठीतील ‘आहे’

‘तो काल तळोज्यास आला आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी मात्र व्याकरणदुष्ट ठरते. मराठी विद्यार्थ्याच्या हातून होणारी ही चूक निव्वळ हयगयीची नव्हे; तिच्या मुळाशी दोन भाषांचे भिन्न इतिहास आहेत.

प्राचीन इंग्रजीत ‘हॅव्’ मुळात स्वामित्ववाचक होते. ‘मी मासा धरला आहे’ याऐवजी ‘माझ्यापाशी मासा धरलेला आहे’ अशा धर्तीची रचना होई आणि धातुसाधित कित्येकदा कर्माप्रमाणे विकार पावे. पुढे स्वामित्वाचा अर्थ लोपला, विकार गळाला, ‘हॅव्’ साहाय्यक तेवढे उरले. गमनवाचक अकर्मक धातूंना मात्र बहुधा ‘बी’ लागे. शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) काळी ‘इज कम’ रूढ होते. मराठीचा मार्ग हा दुसरा : धातू सकर्मक असो वा अकर्मक, साहाय्यक ‘आहे’च. शिवाय ‘पत्र लिहिले आहे’, ‘चिठ्ठी लिहिली आहे’ यांत संस्कृत ‘तेन पत्रं लिखितम्’ या रचनेतील कर्मानुसारी विकार अद्याप जिवंत आहे. इंग्रजीने गमावले ते मराठीने राखले.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध केले ते इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर. काळांची नावे जुळली की अर्थही जुळले असे वाटू लागते, हा त्या धर्तीचा दोष. ‘दहा वर्षे तळोज्यास राहत आहे’ येथे इंग्रजीस पूर्णकाळ लागतो, मराठीस अपूर्ण. ‘काल’चा निषेध तर इंग्रजीतही अर्वाचीनच, शेक्सपिअरच्या काळी तो इतका कडक नव्हता.