शेतरस्त्यावरची गंजलेली मोरी बदलताना फक्त पाईप बदलून का भागत नाही?

पहिले मोठे पाऊस झाले की अनेक गावांत शेताकडे जाणारा कच्चा रस्ता ओढ्यापाशी खचतो. मधोमध खड्डा पडतो आणि खाली गंजून चाळण झालेला लोखंडी पाईप दिसतो. पलीकडे वस्ती असेल तर दूध, शाळेची मुलं, आजारी माणूस सगळंच अडकतं. मग घाईघाईने तेवढ्याच मापाचा दुसरा पाईप टाकून वर माती लोटली जाते. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन पावसाळ्यांत तोच रस्ता पुन्हा खचतो.

असं का होतं? मोरी बदलताना नेमकं काय पाहायचं? समजून घेऊया.

मोरी म्हणजे काय?

घरातली मोरी वेगळी. रस्त्याच्या भाषेत मोरी म्हणजे ओढ्याचं किंवा चराचं पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारी वाट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या व्याख्येनुसार ६ मीटरपर्यंत लांबीचं असं बांधकाम मोरीत मोडतं. त्याहून मोठा असेल तो पूल.

शेतरस्त्यांवर बहुतेक वेळा पाईपची मोरी असते. जुन्या मोऱ्यांमध्ये उपसा सिंचनाचे भंगारातून आणलेले लोखंडी पाईप किंवा एकमेकांना जोडलेले डांबराचे ड्रमही सापडतात. त्या वेळी ते स्वस्तात काम भागवणारे होते. पण ड्रमचा पत्रा रस्त्याचा भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो आणि जुन्या पाईपचं निम्मं आयुष्य आधीच संपलेलं असतं.

पाईप तळातूनच का सडतो?

पाईपचा तळ कधी ओला तर कधी कोरडा असतो, आणि लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि हवा दोन्ही लागतात. त्यात पुराबरोबर येणारी वाळू आणि दगडगोटे तळ घासत जातात. गंजाचा थर निघाला की आतलं नवं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. शेतातून येणारे खतांचे क्षार हा वेग वाढवतात.

त्यामुळे वरून पाईप धडधाकट दिसतो, पण खाली भोकं पडलेली असतात. पाणी भोकातून बाहेर पडून पाईपखालची माती वाहून नेतं. रस्त्याच्या पोटात पोकळी तयार होते आणि एक दिवस भरलेली ट्रॉली त्यावरून जाते.

धोक्याची चिन्हं ओळखता येतात. रस्त्यावर मोरीच्या जागी वाटीसारखा खोलगट भाग पडणं, पाईपच्या तोंडातून न येता त्याच्या बाजूने गढूळ पाणी झिरपणं, पाईपच्या तळाचे पापुद्रे हाताने निघणं, ही त्यातली मुख्य. यापैकी काही दिसलं तर जड वाहन थांबवणं हा पहिला उपाय.

किती मोठा पाईप हवा?

खरी चूक इथेच होते. जुना पाईप एक फुटाचा होता म्हणून नवाही एक फुटाचा आणला जातो. पण जुन्या पाईपवरून दर पावसाळ्यात पाणी जात असेल, तर तो गंजण्याच्या आधीपासूनच अपुरा होता.

एक साधा हिशोब पाहा. मोरीकडे १० हेक्टरचं, म्हणजे सुमारे २५ एकरांचं पाणी येतं असं धरू. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर या क्षेत्रावर ५० लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं तरी २५ लाख लिटर मोरीकडे येतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ७०० लिटर. (तासाला १०० मिलिमीटरचा टप्पा गाठला की हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. इथे आपण त्याच्या निम्माच पाऊस धरला आहे.)

आता पाईपची क्षमता. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहतंय आणि पाईप पूर्ण भरलाय असं धरलं, तर:

३०० मिमी पाईप: सेकंदाला सुमारे १४० लिटर
६०० मिमी पाईप: सुमारे ५६५ लिटर
९०० मिमी पाईप: सुमारे १,२७० लिटर

म्हणजे या उदाहरणात एक फुटी पाईप तर सोडाच, दोन फुटीही कमी पडतो. तीन फुटी लागतो. व्यास दुप्पट झाला की पाण्याची वाट चौपट होते, हे लक्षात ठेवायचं. म्हणून दोन छोटे पाईप शेजारी शेजारी टाकले तरी ते एका मोठ्या पाईपची बरोबरी करत नाहीत. शिवाय छोट्या पाईपात फांद्या, पाचट, प्लास्टिक लवकर अडकतं.

जुन्या पाईपच्या आतच नवा पाईप सरकवण्याचा उपायही सुचवला जातो. खोदाई वाचते हे खरं. पण ६०० मिमीच्या आत ४५० मिमीचा पाईप घातला की पाण्याची वाट जवळपास निम्मी होते. जुना पाईप गरजेपेक्षा बराच मोठा असेल तरच हा पर्याय, आणि तेव्हाही दोन पाईपांमधली फट सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरावी लागते.

कोणता पाईप घ्यायचा?

सध्या सर्वाधिक वापरला जातो तो सिमेंटचा ह्यूम पाईप. साचा वेगाने फिरवून काँक्रीटचा पाईप बनवण्याची ही पद्धत ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये शोधली, त्यांच्यावरूनच हे नाव पडलं. भारतात १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाईप कंपनी स्थापन झाली.

घेताना पाईपवरचा वर्ग पाहावा. आयएस ४५८ या भारतीय मानकानुसार एनपी-२ हलक्या, एनपी-३ मध्यम आणि एनपी-४ जड वाहतुकीसाठी असतो. बैलगाडी आणि मोटरसायकलपुरता रस्ता असेल तर एनपी-२ चालू शकतो. उसाची ट्रॉली, हार्वेस्टर किंवा मुरमाचा डंपर जाणार असेल तर एनपी-३ किंवा त्यावरचाच घ्यावा. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, फरक भिंतीच्या जाडीत आणि आतल्या सळ्यांत असतो.

प्लास्टिकचे नालीदार एचडीपीई पाईप गंजत नाहीत आणि उचलायला हलके असतात. पण त्यांची ताकद बाजूच्या दाबलेल्या भरावावर अवलंबून असते. भराव ढिला राहिला तर ते चेपतात.

बसवताना काय पाहायचं?

तळ: काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पाईप ठेवला तर सांधे उघडतात. काळी माती काढून किमान १५ सेंटीमीटर मुरूम दाबून घ्यावा किंवा काँक्रीटचा थर द्यावा.

उतार: पाईप ओढ्याच्या मूळ तळाच्या उतारातच हवा. उंच बसवला तर वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खोल बसवला तर गाळाने भरतो.

लांबी: ह्यूम पाईपचा तुकडा साधारण अडीच मीटरचा असतो. खर्च वाचवायला दोन तुकड्यांत, म्हणजे ५ मीटरमध्ये काम उरकलं की रस्त्याच्या कडा ढासळतात. चार मीटरच्या रस्त्याला भरावाचे दोन्ही उतार धरून तीन तुकडे लागतात.

भराव: दोन्ही बाजूंनी सारखा, १५ सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून दाबत भरावा. जेसीबीने एका बाजूने माती लोटली की पाईप सरकतो. पाईपच्या माथ्यावर किमान ६० सेंटीमीटर भराव हवा.

तोंडं: दोन्ही टोकांना दगडी किंवा काँक्रीटची भिंत आणि पाणी पडतं तिथे दगडी पिचिंग करावं. पैसे कमी पडले की हेच काम आधी गाळलं जातं. पण भिंत नसेल तर पाणी पाईपच्या बाहेरून वाट काढतं आणि नवा पाईपही उघडा पडतो.

खोदण्याआधी पाण्याची पाईपलाईन किंवा केबल गेली आहे का, हे विचारून घ्यावं. दीड मीटरपेक्षा खोल चरात कडा तिरप्या न कापता माणूस उतरवू नये. ६०० मिमीच्या एनपी-३ पाईपचा एक तुकडा टनाच्या आसपास भरतो. तो दोर लावून हाताने उतरवण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

शेजाऱ्याचं काय?

मोरी लहान ठेवली तर वरच्या शेतात पाणी तुंबतं. मोठी केली तर आजवर तुंबून हळूहळू जाणारं पाणी खालच्या शेतात एकदम जातं. त्यामुळे काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांशी बोलणं गरजेचं आहे.

ओढा सरकारी आहे की खासगी गटातला, हे गाव नकाशावर पाहता येतं. सरकारी ओढा, नोंदलेला पाणंद रस्ता किंवा कालव्याची जागा असेल तर ग्रामपंचायत, तहसील किंवा जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय खोदू नये. रस्त्याची नोंद असेल तर सरकारी योजनेतून काम होऊ शकतं का, याचीही चौकशी करावी.

कुणी वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्यासाठी प्रकार घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते.

काम कधी करायचं?

एप्रिल-मे हा योग्य काळ. ओढा कोरडा असतो, शेत मोकळं असतं आणि भराव बसायला वेळ मिळतो. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर तोंडाशी अडकलेला कचरा काढून, भराव कुठे खचला असेल तर लगेच मुरूम टाकून दाबून घ्यावा. पुढे दरवर्षी मे महिन्यात गाळ काढला, तर हीच मोरी बरीच वर्षं साथ देते.