क्षिप्राकाठचा साप आणि अवकाशातले काजवे



ई. एम. फॉर्स्टर हे नाव देवासकरांना नवे नाही. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे हे इंग्रज स्नेही १९१२ च्या अखेरीस प्रथम देवासला आले आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचे खासगी सचिव म्हणून राहिले. इथून त्यांनी घरी धाडलेली पत्रे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापून आली. नावातली टेकडी म्हणजे आपली चामुंडेची टेकडी. आजचा विषय अवकाशयानांजवळ दिसलेल्या तथाकथित उडत्या तबकड्यांचा आहे. तरी सुरुवात मी याच पुस्तकातल्या एका लहानशा प्रसंगाने करणार आहे.

फॉर्स्टर क्षिप्रेच्या काठी होते. बरोबरचे गावकरी एकाएकी थांबले आणि पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून 'साप, साप' म्हणून ओरडू लागले. फॉर्स्टरना तीनेक फूट उभे राहिलेले, काळे, न हलणारे काहीतरी दिसले. हे वाळलेले झाड असावे, असे ते म्हणाले. छे! गावकऱ्यांनी त्या सापाची जात आणि स्वभाव, सगळे सांगून टाकले. नाग नव्हे, पण भारी डूख धरणारा. गोळी घातली तर देवासपर्यंत माग काढत येईल. मग नदीपलीकडे दगड भिरकावले गेले. एक दगड त्याच्या बुडाशी लागला, तरी ते हलेना. ते वाळके झाडच होते. गावकरी पोट धरून हसले.

१९२४ च्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीत फॉर्स्टरनी हाच प्रसंग थोडा बदलून घातला आहे. तिथे दुर्बिणीतून पाहिल्यावर ते ताडाचे वाळके खोड ठरते, पण गावकरी ते मान्य करत नाहीत. पाहुण्या बाईने आधी 'साप' म्हटलेले असते, आणि मनात शिरलेला शब्द सोडायला ते तयार नसतात.

रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. पण त्यात अंधार असतो आणि दिवा आणला की भ्रम फिटतो. क्षिप्राकाठी उजेड होता, पाहणारे पुष्कळ होते आणि कोणी खोटे बोलत नव्हते. चूक डोळ्यांची कमी आणि नावाची जास्त होती. ती सुटली ती दगड मारल्यामुळे. या दोन गोष्टी ध्यानात ठेवून आता आकाशाकडे वळू.

'उडती तबकडी' हा शब्दच असा जन्मला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाला डोंगरांवरून वेगाने जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या उडत होत्या, असे त्याने सांगितले. उपमा चालीची होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराची केली. त्यानंतर लोकांना आकाशात बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन 'फ्रेंडशिप ७' यानातून पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आला. पॅसिफिकवर पहिला सूर्योदय होताना त्याला यानाभोवती हजारो बारीक, पिवळट-हिरवे, चमकणारे कण तरंगताना दिसले. त्याने त्यांना काजव्यांची उपमा दिली. ते बाहेरून आले की यानातून निघाले, हे त्याला सांगता येईना. उड्डाणानंतर तपासणी करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला विचारले म्हणतात, "मग ते काय म्हणाले, जॉन?"

याचे उत्तर तीन महिन्यांनी मिळाले. २४ मे १९६२ रोजी स्कॉट कार्पेंटर 'अरोरा ७' मधून गेला. त्यालाही ते कण दिसले. अखेरच्या फेरीत त्याचा हात यानाच्या झडपेवर आपटला आणि बाहेर कणांचा ढग उसळला. त्याने पुन्हा ठोकले, पुन्हा कण उडाले. तो हिमकणांचा थर होता. यान थंड ठेवण्यासाठी आत पाण्याची वाफ होत असे, ती बाहेर सोडली जाई, आणि तिचेच दव यानाच्या अंगावर गोठून बसत असे. ग्लेनचे काजवे ग्लेनच्याच यानाने सोडले होते.

या ठोकण्याची किंमतही सांगितली पाहिजे. कणांच्या निरीक्षणात आणि छायाचित्रांत कार्पेंटरचा वेळ गेला, उतरण्याची तयारी मागे पडली. यानाची दिशा दाखवणारे एक उपकरणही बिघडले होते. यान ठरल्या जागेपासून सुमारे ४०० किलोमीटर पुढे समुद्रात पडले आणि काही काळ तो जिवंत आहे की नाही, हेच कोणाला कळेना. कार्पेंटर पुन्हा अवकाशात गेला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ग्लेनचे नाव येते, पण काजव्यांचा उलगडा करणाऱ्याचे क्वचितच.

तिथे असे घोटाळे का होतात, हे समजून घेणे अवघड नाही. जमिनीवर सोडलेली वस्तू खाली पडते, मागे राहते. कक्षेत यानापासून सुटलेला बर्फाचा कण किंवा रंगाचा टवका यानाच्याच वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २८,००० किलोमीटरने, बरोबर फिरत राहतो. म्हणून तो शेजारी शांतपणे तरंगतो. आपल्याकडे दूरचा डोंगर धूसर दिसतो आणि त्यावरून आपण अंतर ओळखतो. तिथे हवा नाही. दहा फुटांवरचा कण आणि दहा मैलांवरची वस्तू सारखीच लखलखीत दिसते. शिवाय दीड-दीड तासाने सूर्योदय होतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक कण आडव्या उन्हात पेटून उठतो.

सप्टेंबर १९९१ मध्ये 'डिस्कव्हरी' यानाच्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत अशीच गाजली. एक ठिपका सरळ जाता जाता एकदम वळतो आणि वेगाने निघून जातो. कोणीतरी चालवत असल्याशिवाय असे वळण घेता येईल का, असा सवाल झाला. पण त्याच वेळी यानाची दिशा सांभाळणारे लहान इंजिन क्षणभर चालले होते. त्याचा झोत लागून जवळचे हिमकण उडाले, असा उलगडा नासाने केला. इथे क्षिप्रेच्या उलटे झाले. तिथे न हललेल्या वस्तूने उत्तर दिले, इथे हललेल्या वस्तूने.

सगळेच उलगडे इतके नेटके होत नाहीत. जून १९६५ मध्ये 'जेमिनी ४' मधून जेम्स मॅकडिव्हिटला एक पांढरी नळकांड्यासारखी वस्तू दिसली. तिच्यातून दांडीसारखे काही बाहेर आलेले होते. जोडीदार झोपलेला होता. मॅकडिव्हिटने घाईने छायाचित्रे घेतली. पुढे प्रसिद्ध झालेल्या चित्रांत खिडकीवरची उन्हाची तिरीप निघाली, आणि आपण पाहिले ते हे नव्हे, असे त्याने स्वतःच सांगितले. आधी एका उपग्रहाकडे बोट दाखवले गेले, पण तो हजारावर मैल दूर होता. 'जेमिनी ४' ला वर नेणाऱ्या टायटन अग्निबाणाचाच टप्पा असावा, असे जेम्स ओबर्ग या अभ्यासकाचे मत. ते मॅकडिव्हिटला पटले नाही. पण ते परग्रहावरचे यान होते, असे तो कधीही म्हणाला नाही. मला ओळखता आले नाही, एवढेच तो सांगत राहिला.

'अपोलो ११' च्या मंडळींनाही चंद्राकडे जाताना एक वस्तू दिसली होती. त्यांनी पृथ्वीवर एवढेच विचारले की आमच्या अग्निबाणाचा टप्पा किती दूर आहे. तो सुमारे ६,००० सागरी मैल दूर होता, म्हणजे दिसले ते बहुधा यानापासून सुटलेल्या चार फळ्यांपैकी एक. तबकडी हा शब्द त्यांनी जाणूनबुजून उच्चारला नाही.

आता धारेकडे येऊ. अकराव्या शतकातल्या आपल्या भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. कारंजी, हलणाऱ्या बाहुल्या, द्वारपाल यांच्याबरोबर हलक्या लाकडाचा पक्षी आणि त्याच्या पोटात तापवलेला पारा यांचे वर्णन त्यात येते. १९२४–२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत टी. गणपती शास्त्रींनी हा ग्रंथ छापला. तेव्हापासून 'तबकड्या म्हणजे आपलीच विमाने' असे सांगणाऱ्यांना तो हाताशी मिळाला आहे. पण ग्रंथातच म्हटले आहे की यंत्रांची जुळणी मुद्दाम सांगितलेली नाही, ती गुप्त ठेवली आहे. त्याने जे झाकून ठेवले ते आपण आपल्या मनचे भरून वर त्याचे नाव लावायचे, यात भोजाचा गौरव नाही. त्याने जे लिहिले तेवढे नीट वाचणे हा गौरव आहे.

आपल्या घराण्यांच्या बखरी, सनदा, आजीने सांगितलेल्या हकिगती यांनाही हेच लागू पडते. सांगणारा खोटारडा नसतो. त्याने पाहिलेले खरे असते, त्याला दिलेले नाव तपासायचे असते. मात्र तपासताना पाहणाऱ्याची टवाळी करू नये. ग्लेनला चेष्टेत विचारलेल्या प्रश्नाने काही कळले नाही. कार्पेंटरच्या ठोकण्याने कळले.

२०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह साठ-साठच्या संख्येने सोडले जाऊ लागले. नवे सोडल्यावर काही दिवस ते संध्याकाळी दिव्यांच्या माळेसारखे ओळीने जाताना दिसतात. उद्या टेकडीवरून नातवाने अशी माळ पाहिली आणि तो धावत येऊन 'आजोबा, तबकड्या!' म्हणाला, तर त्याला हसू नका, आणि लगेच उत्तरही देऊ नका. सूर्य मावळून किती वेळ झाला होता, दिवे कोणत्या दिशेने गेले, मध्येच विझले का, किती वेळ दिसले, हे विचारा आणि त्याच्याकडूनच लिहून घ्या. कधी माळेचा उलगडा होईल, कधी होणार नाही. न झाला तर 'ओळखता आले नाही' असेच वहीत राहू द्या.