‘आउट फॉर डिलिव्हरी’ म्हणजे नेमकं काय? नांदेड-लातूरमध्ये पार्सल दारापर्यंत कसं येतं

ऑर्डर दिल्यावर ॲपमध्ये ‘शिप्ड’, ‘हबला पोहोचलं’, ‘आउट फॉर डिलिव्हरी’ अशा ओळी दिसत जातात. या ओळी आपोआप बदलत नाहीत. जवळपास प्रत्येक ओळीमागे कुणीतरी स्कॅनर किंवा मोबाईल हातात घेऊन बारकोड स्कॅन केलेला असतो. ते काम कोण करतं, कसं करतं आणि त्याचे पैसे कसे मिळतात, ते नांदेड आणि लातूरच्या उदाहरणांतून बघू.

गोदाम ते हब

महाराष्ट्रातला बराच ऑनलाइन माल ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीच्या आसपासच्या गोदामांतून निघतो. तिथून नांदेड साधारण साडेपाचशे किलोमीटर. एवढ्या लांब प्रत्येक पाकीट सुटं पाठवत नाहीत. एकाच हबला जाणारी पार्सलं एका मोठ्या बॅगेत भरतात, बॅगेला सील लावतात आणि तिला वेगळा बारकोड देतात. पुढे वाटेत फक्त बॅग स्कॅन होते आणि आतल्या सगळ्या पार्सलांचं स्टेटस एकदम बदलतं. म्हणूनच कधीकधी ‘हबला पोहोचलं’ असं दिसतं, पण हबवर फोन केला तर ‘अजून सापडलं नाही’ असं उत्तर येतं. बॅग आलेली असते, उघडलेली नसते.

हब म्हणजे बहुतेक वेळा शहराच्या कडेला भाड्याने घेतलेला शटरचा हॉल. गाडी पहाटे लागते. लोडर बॅगा उतरवतात, सील तोडतात, एकेक पार्सल स्कॅन करतात आणि एरियाप्रमाणे ढीग लावतात. उन्हाळ्यात कूलर, दिवाळीच्या सेलमध्ये टीव्ही आणि मिक्सर. पत्र्याच्या शेडखाली हे उचलणं काय असतं, ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रायडर येईपर्यंत ढीग तयार पाहिजेत, त्यामुळे या लोकांचा दिवस आपण उठायच्या आधीच अर्धा संपलेला असतो.

सहा अंकांची चाळणी

पहिली विभागणी पिनकोडवर होते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिले तीन अंक टपालाचा वर्गीकरण जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

इथे एक गंमत आहे. नांदेड ४३१६०१, म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि परभणीच्या गटात. लातूर ४१३५१२, म्हणजे सोलापूर आणि धाराशिवच्या गटात. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर लोहा आणि अहमदपूर एका पाठोपाठ येतात, पण लोह्याचा पिन ४३१ ने सुरू होतो आणि अहमदपूरचा ४१३ ने. पिन चुकीचा टाकला की पार्सल भलत्याच हबला जातं आणि तिथून परत फिरतं. गावाच्या नावात चूक झाली तर माणूस ओळखून घेतो, पिन चुकला तर मशीन ओळखत नाही.

पिन संपतो तिथे रायडर सुरू होतो

सकाळी रायडर आपल्या ढिगातलं प्रत्येक पार्सल स्वतःच्या ॲपमध्ये स्कॅन करतो. ती झाली त्याची रनशीट, आणि त्याच क्षणी तुम्हाला ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसतं. म्हणजे पार्सल अजून हबच्या फरशीवरही असू शकतं.

आता क्रम लावायचा. ६० थांबे असतील तर ते किती क्रमांनी घेता येतील? उत्तर ८२ अंकी संख्या आहे. कॉम्प्युटर सायन्समध्ये हा ‘ट्रॅव्हलिंग सेल्समन’ प्रश्न म्हणून शिकवतात. ॲप एक बऱ्यापैकी क्रम सुचवतं, पण फक्त हवाई अंतर बघितलं तर नांदेडमध्ये गोची होते: वजिराबाद गोदावरीच्या एका काठावर, सिडको-हडको दुसऱ्या, आणि मध्ये पूल शोधावा लागतो. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. तिथे ‘गोलाईजवळ’ एवढाच पत्ता लिहिणारे लोक आहेत. अनुभवी रायडर ॲपचा क्रम बाजूला ठेवून डोक्यातला नकाशा वापरतो, आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

यावर डिजीपिन हा एक उपाय आहे. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर तो तयार केला आणि २०२५ मध्ये आणला. अख्ख्या देशावर ३६ अंशांचा चौकोन ठेवायचा, त्याचे १६ तुकडे करायचे, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा १६, असं दहा वेळा. शेवटी साधारण ४ बाय ४ मीटरची जागा उरते आणि तिला दहा अक्षरांचा कोड मिळतो. कल्पना छान आहे. पण हा कोड जागा सांगतो, मजला सांगत नाही. तोपर्यंत पत्त्यात घर नंबर, मजला आणि न बदलणारी खूण लिहा. ‘नवीन बांधकामासमोर’ ही खूण नाही.

पैसे कुठे अडकतात

बऱ्याच रायडरांना पगार नसतो, पोहोचलेल्या पार्सलमागे पैसे असतात. दर कंपनीनुसार बदलतो. फक्त हिशोबासाठी १४ रुपये धरू. ६० पार्सलं नेली, ४८ पोहोचली, तर ८४० च्या जागी ६७२ रुपये. बाईक त्याची, पेट्रोल त्याचं. दीड लिटर लागलं तर दीडशे रुपयांच्या वर तिथेच गेले, कारण परत आलेल्या १२ दारांपर्यंतही तो गेलेलाच असतो.

लातूरच्या ट्यूशन एरियात हे रोज घडतं. मुलगा क्लासमध्ये, मोबाईल हॉस्टेलच्या खोलीत, आणि ओटीपी त्या मोबाईलवर. रायडर खाली थांबतो, दोनदा फोन लावतो आणि ‘कस्टमर उपलब्ध नाही’ टाकून निघतो. न येताच असा शेरा मारणारेही असतात आणि ते चूकच आहे. काही ॲप्स त्यासाठी लोकेशन आणि कॉल तपासूनच शेरा स्वीकारतात. पण मे महिन्यात, ४२ अंशांत, तिसऱ्या मजल्याखाली फुकट दहा मिनिटं थांबणं त्याला परवडत नाही, हेही खरं. क्लासच्या वेळा माहीत असतील तर डिलिव्हरीची वेळ बदला, किंवा ओटीपी रूममेटला कळवून ठेवा. मात्र रायडर दारात आल्याशिवाय ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे रायडर संध्याकाळी हबवर भरतो. कमी भरले तर बहुतेक ठिकाणी फरक त्याच्याच हिशोबातून जातो. सुटे पैसे तयार ठेवा, एवढं पुरे.

कायद्यात कोण कुठे?

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची पोती उचलणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. ॲपवर काम करणाऱ्यांचं नाव मात्र कायद्यात बरंच उशिरा आलं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची व्याख्या आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची, पण कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, अशी तरतूद त्यात आहे. त्यासाठी रायडरने ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करायची. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल लागतो, फी लागत नाही.

हबमधला लोडर सहसा ठेकेदाराच्या पटावर असतो, त्याचा प्रश्न पीएफचा. इथे एक घोळ हमखास होतो: ई-श्रमचा नंबर यूएएन, पीएफचा नंबरही यूएएन, दोन्ही १२ अंकी, पण दोन्ही वेगळे. पगारातून पीएफ कापला जात असेल तर उमंग ॲपमध्ये पीएफच्या यूएएनने पासबुक उघडा. कापलेली रक्कम खरंच जमा झाली की नाही, ते महिन्यानुसार तिथे दिसतं.