मामाच्या विमानाचा डावा पंख

परवा मामीने मामाचं विमान माझ्याकडे पाठवलं. १९८४ साली बाल्सा कापून त्याने स्वतः केलेलं, वरून रेशमी कापड आणि डोप. त्याला कुणी हात लावलेला मामाला खपायचं नाही, हे इथे वाचणाऱ्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहेच :-)

उडवायचं ठरवलं, तर पंखाच्या मधोमध असलेला एकुलता एक सर्वो जळालेला. त्याच्यापासून दोन्हीकडे पंखाच्या पोटातून लांब तारा गेल्या होत्या. त्या बेलक्रँक नावाच्या काटकोनी तरफा ओढायच्या, आणि तरफा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) हलवायच्या.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? १९३७ साली मिशिगनमधल्या कॅलमझूला वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'बिग गफ' रेडिओवर उडवलं (ते आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे). त्या पिढीच्या विमानांत सुकाणू हलवायला बरेचदा पीळ दिलेलं रबर असायचं, रेडिओ नुसता खटका सोडायचा. साठच्या दशकात कांडी जितकी हलवाल तितकंच हलणारे सर्वो रुळले, पण ते जड आणि ढब्बू. म्हणून तोल साधतो तिथे, विमानाच्या मध्यावर बसायचे. पुढे नऊ-नऊ ग्रॅमचे सर्वो आले आणि थेट एलेरॉनशेजारी जाऊन बसले. तारांची ढिलाई गेली. शेपटीत मात्र अजूनही जपून. तिथे थोडं वजन वाढलं तरी नाकात शिसं भरावं लागतं.

असो. मामाचं रेशीम कापायला हात धजेना. मग लक्षात आलं, बेलक्रँकसाठी त्याने खालून झाकण ठेवलंय! तरफ काढली, तिथे छोटा सर्वो मावला. उरली वायर. ती जुन्या तारेच्या टोकाला बांधून मधून तार ओढायला लागलो, तर प्लग पहिल्याच फासळीच्या भोकात अडला. जोर केला असता तर फासळी गेली असती. शेवटी प्लगच्या प्लॅस्टिकमधून तिन्ही पिना सुट्या केल्या, पुढेमागे ठेवून चिकटपट्टीत गुंडाळल्या, आणि हळूहळू... आली!

तारेच्या टोकाला कागदाचा कपटा चिकटवलेला होता. मामाच्या अक्षरात, 'डावी'.

उजवा पंख रविवारी.